दहीभाताने तुटलेली दाढ

चकलीने दाढ तुटली असती तर निदान लोकांना सांगण्यासारखं कारण मिळालं असतं. माझी तुटली दहीभाताने. त्यात डाळिंबाचे दाणेही नव्हते. खालची उजवी पहिली दाढ, तिचा जिभेकडचा कोपरा सुटून तोंडात आला आणि मला आधी वाटलं तांदळात खडा राहिला. खडा नव्हता. पिवळसर पांढरा, एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने धारदार.

त्या दाढेत कॉलेजच्या दिवसांत भरलेली चांदी होती, तेव्हा खालून कीड लागली असणार असं मी धरून चालले होते. डॉक्टरांनी दिवा फिरवला, एक्स-रे काढला आणि म्हणाल्या, “कीड नाहीये ताई. तुम्ही झोपेत दात खाता का?”

मी ठामपणे नाही म्हणाले. झोपेत आपण काय करतो हे झोपलेल्या माणसाला विचारण्यात अर्थ नाही, हे मला कळायला हवं होतं, पण त्यांना ते माहीत असावं. माझ्या शब्दावर त्या विसंबल्या नाहीत, थेट पुरावे काढायला बसल्या. मी पतसंस्थांचं लेखापरीक्षण करते. चेअरमन काय म्हणतात ते ऐकून घ्यायचं आणि कीर्द स्वतः उघडायची, ही आमची रीत. त्यामुळे हा प्रकार मला आवडला.

आरशात एकेक दाखवलं. वरचे सुळे, ज्यांना टोक असायला हवं, ते सपाट. खालच्या पुढच्या दातांच्या कडा बारीक टवके उडालेल्या. गालाच्या आतून, दात जिथे मिटतात त्या रेषेत, एक पांढरी आडवी वळी. जिभेच्या कडेला दातांचे ठसे. मग त्यांनी दोन्ही गालांवर बोटं ठेवून मला दात घट्ट आवळायला सांगितले, तेव्हा कानाखालचा स्नायू इतका फुगून वर आला की माझं मलाच नवल वाटलं. तिथे दाबल्यावर दुखलंही. सकाळी उठल्यावर कानशिलं जड वाटतात का, हा पुढचा प्रश्न. वाटत होती. त्यासाठी मी चष्म्याचा नंबर तपासून काचा बदलून झाल्या होत्या.

दाढेच्या उंचवट्यांवर इनॅमलचा थर साधारण दोन ते अडीच मिलिमीटरचा असतो. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण तो बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपतात, म्हणून गेलेलं इनॅमल परत येत नाही. ते झिजलं की खालचं पिवळसर डेंटिन उघडं पडतं, आणि ते मऊ असल्यामुळे पुढची झीज आणखी वेगाने होते. एरवी दिवसभरात चावताना आणि गिळताना वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतात तो सगळा वेळ एकत्र केला तर तासाच्या आतच भरतो. बाकी वेळ दोन्हींमध्ये काही मिलिमीटरची फट असायला हवी. रात्री दात खाणारा माणूस हा हिशोब पार बिघडवतो, आणि तेसुद्धा मध्ये अन्नाचा घास नसताना. चांदी भरून आधीच कमकुवत झालेल्या दाढेला चीर पडत गेली होती. दहीभात फक्त शेवटच्या दिवशी हजर होता.

घरी येऊन ह्यांना विचारलं, तर म्हणाले, “अगं, कित्येक वर्षं येतोय तो आवाज. मी हलवतो, तू कूस बदलतेस, थांबतं.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तू माझ्या घोरण्याबद्दल सांगतेस त्याचा काय उपयोग झालाय? म्हटलं राहू दे.”

सासूबाईंचं निदान त्याहून सोपं होतं. “जंत झालेत तुला. वावडिंग उकळून घे.” लहानपणी आमच्याकडेही हेच होतं, कुणी मूल झोपेत दात खायला लागलं की दुसऱ्या दिवशी जंताचं औषध. डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या, कारण आईबाप मुलांना घेऊन येतात ते हेच मनात धरून. जंतांमुळे दात खाल्ले जातात याला भक्कम आधार नाही. मुलांमध्ये हे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं आणि बहुतेकांचं वाढत्या वयात आपोआप थांबतं, त्यामुळे ज्या घरात औषध दिलं गेलं तिथे श्रेय औषधाला मिळालं.

मग नेमकं होतं कशाने? मला सरळ उत्तर हवं होतं, मिळालं नाही. पूर्वी दातांची ठेवण वाकडी असली की माणूस दात खातो असं मानायचे आणि उंच लागणारे दात घासून समतल करायचे. आता ती कल्पना मागे पडली आहे. झोपेतलं दात खाणं मुख्यतः हलक्या झोपेत होतं. मेंदू क्षणभर जागेपणाकडे सरकतो, आधी हृदयाचे ठोके वाढतात आणि मग जबड्याचे स्नायू लयीत आवळायला लागतात. मन शांत असलेल्या माणसालाही हे होऊ शकतं. ताण, दारू, तंबाखू आणि जास्त चहा-कॉफीने ते वाढतं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही होतं, पण म्हणून कुणी आपल्या मनाने त्या बंद करू नयेत; ज्यांनी लिहून दिल्या त्यांनाच विचारावं. २०१८ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तर असं म्हटलं की इतर बाबतीत निरोगी असलेल्या माणसात याला आजार म्हणू नये, स्नायूंची एक क्रिया म्हणावं, जिच्यामुळे पुढे नुकसान होण्याचा धोका असतो. माझा धोका तळहातावर पडला होता, तेव्हा नावाचा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटला नाही.

एक प्रश्न मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा विचारला. घोरता का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का, दिवसा पेंग येते का? झोपेत श्वास थांबण्याचा त्रास असलेल्यांमध्ये दात खाणंही बरेचदा सापडतं, आणि वरच्या जबड्यावर कडक गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं झाकण, बसवल्याने काही जणांचा श्वासाचा त्रास वाढू शकतो. आधी झोपेची तपासणी, मग गार्ड, असा क्रम तिथे लागतो. आमच्या घरात घोरण्याचं खातं ह्यांच्या नावावर असल्यामुळे माझी सुटका झाली. (त्यांना झोपेच्या तपासणीला पाठवायचं माझं काम अजून चालू आहे.)

आधी दाढेचं काम झालं, मग गार्डचं. हा क्रम महत्त्वाचा. गार्ड तुमच्या दातांच्या आजच्या आकारावर बनतो. नंतर क्राऊन (दातावरची टोपी) बसवला किंवा मोठं फिलिंग केलं की तो तिथे बसेनासा होतो. नस जिवंत होती म्हणून रूट कॅनाल टळलं. दाढ भरून, घासून, तिच्यावर झिर्कोनियाची, म्हणजे टणक सिरॅमिकची, टोपी बसली.

आता गार्ड कोणता, यावर घरात प्रत्येकाचं मत होतं. धाकट्या दिरांनी ऑनलाइन मिळणाऱ्या गार्डची लिंक पाठवली, गरम पाण्यात बुडवून दातांवर दाबायचा तो. स्वस्त असतो, पण जाड, आणि सगळीकडे सारखा टेकत नाही. खेळाडूंना तासाभराच्या सामन्यापुरता ठीक. माझ्या मामेभावाने पुण्यात मऊ रबरासारखा गार्ड करून घेतला होता. पावसाळ्यात घेतलेल्या त्या गार्डला संक्रांतीपर्यंत आरपार भोक. तो मात्र खूश होता, म्हणाला दुसरा घेईन, घालायला आरामशीर आहे.

मऊ गार्ड काही जणांना उलट चावायला प्रवृत्त करतो, असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा मी आधार विचारला. १९८७ चा एक अभ्यास त्यांना तोंडपाठ होता. दहा माणसं घेतलेली. कडक स्प्लिंटने (गार्डचंच दुसरं नाव) दहापैकी आठ जणांमध्ये रात्रीचं स्नायूंचं काम कमी झालं, मऊ स्प्लिंटने पाच जणांमध्ये ते वाढलं. दहा खात्यांचा नमुना तपासून मी कुठल्याही पतसंस्थेला अ वर्ग देणार नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनाही ते मान्य होतं. तरी माझ्यासारखी दाढ फोडणाऱ्या बाईला मऊ प्लॅस्टिक किती दिवस पुरणार, हा साधा विचार शिल्लक राहिलाच. कडक अ‍ॅक्रिलिकचा, वरच्या सगळ्या दातांना झाकणारा, असं ठरलं. सगळे दात झाकणं मुद्द्याचं असतं. फक्त पुढच्या दातांवर बसणारे छोटे गार्डही मिळतात, पण त्यात मागच्या दाढा मोकळ्या राहतात, महिनोन्‌महिने वापर झाला तर त्या हळूहळू वर सरकू शकतात आणि मग पुढचे दात मिटेनासे होतात.

माप घेण्याचा दिवस मला आवडला नाही. धातूच्या ट्रेमध्ये गुलाबी अल्जिनेट भरून तो वरच्या जबड्यावर दाबतात. समुद्री शेवाळापासून बनणारी ही पूड पाण्यात कालवली की दोन-तीन मिनिटांत घट्ट होते, पण ती दोन-तीन मिनिटं घशाशी काहीतरी सरकतंय या भीतीत काढायची असतात. मला उमासा आला. सहायक मुलगी अनुभवी होती. “काकू, नाकाने श्वास घ्या आणि उजवा पाय वर धरून ठेवा.” काकू ऐकून एरवी मी काहीतरी बोलले असते, पण तोंड भरलेलं होतं. पाय वर धरण्यात लक्ष गेलं आणि उमासा खरंच थांबला. ट्रे निघाला तो मोठा चप्प आवाज करून. माप हवेत ठेवलं की सुकून आकसतं, म्हणून तिने लगेच आतल्या खोलीत जाऊन त्यात प्लास्टर ओतलं. खालच्या जबड्याचंही माप झालं. मग मेणाची पट्टी दातांत धरून, जबडा सैल सोडून, तो नैसर्गिकपणे कुठे मिटतो याची नोंद. सैल सोडा म्हटलं की माझा जबडा आणखी ताठ व्हायचा. “जिभेचं टोक टाळूला मागे लावा आणि हळू मिटा,” या युक्तीने ते जमलं.

काही दवाखान्यांत आता तोंडात छोटा कॅमेरा फिरवून स्कॅन करतात आणि गार्ड थ्रीडी प्रिंटरवर निघतो. उमासे येणाऱ्यांनी तशी सोय जवळपास आहे का ते जरूर विचारावं.

लॅबमधून प्लास्टरचे दोन्ही जबडे आणि त्यावर बसलेला पारदर्शक गार्ड आला. माझे दात मी असे बाहेरून, टेबलावर ठेवलेले, पहिल्यांदाच पाहत होते. फोटो काढून घरी दाखवला, तर सासूबाई चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, हे तर टाकी लावायला आलेल्या पाट्यासारखं गुळगुळीत झालंय.” इतकं अचूक वर्णन दवाखान्यातही कुणी केलं नव्हतं. फक्त दातांना टाकी लावणारी बाई दारावर येत नाही.

मला वाटलं होतं आता डबीत घालून देतील आणि मी निघेन. खरं काम तिथून सुरू झालं. गार्ड टक्‌ करून बसला, पुढच्या दोन दातांना आवळल्यासारखं झालं, तिथे आतून किंचित खरवडलं. मग रंगीत कागद. निळा, पातळ कागद दातांमध्ये धरायचा आणि टकटक चावायचं. गार्डवर जिथे खालचे दात टेकले तिथे निळे ठिपके उठतात. पहिल्या वेळी उजवीकडे मागे दोन गडद ठिपके आणि डावीकडे जवळजवळ काही नाही. गार्ड काढला, बारीक घासणीने ते ठिपके उतरवले, पुसला, परत बसवला, परत टकटक. अ‍ॅक्रिलिकचा जळका वास, पांढरी भुकटी, पुन्हा कागद. दोन्ही बाजूंच्या सगळ्या दाढा एकाच क्षणी आणि सारख्या जोराने टेकायला हव्यात, पुढचे दात हलकेच. ते जमल्यावर लाल कागद घेऊन जबडा डावी-उजवीकडे सरकवायचा. यावेळी फक्त सुळ्यांपाशी रेघ उमटली पाहिजे, मागच्या दाढा सुटल्या पाहिजेत. सुळे जबड्याच्या सांध्यापासून लांब असतात, तिथे स्नायूंचा जोर कमी लागतो, आणि दाढा सुटल्या की आवळणंही सैलावतं.

मला सगळ्यात गंमत वाटली ती याची की कागदावर फरक दिसायच्या आधी मला तो कळत होता. “अजून उजवीकडे काहीतरी आहे.” डॉक्टर पाहायच्या, आणि असायचं. दातांना केसाच्या जाडीपेक्षा कमी फरकही जाणवतो म्हणतात, ते खरं असावं. बाहेर पुढचे पेशंट खोळंबले होते, तरी त्यांनी घाई केली नाही. नाइट गार्ड करून घेणाऱ्याने दवाखाना निवडताना यंत्रांपेक्षा हे पाहावं: कागद घेऊन डॉक्टर किती वेळ बसतात. तोच गार्ड न घासता दिला असता तर सगळा भार त्या दोन ठिपक्यांवर आला असता, म्हणजे नेमका माझ्या नव्या टोपीवर.

पहिल्या रात्री तोंडात इतकी लाळ सुटली की झोप लागेना. “स” म्हटलं की शीळ निघायची, तेव्हा घरातल्यांनी मला मुद्दाम “सासूबाई” म्हणायला लावलं. काही रात्री सकाळी गार्ड उशीखाली सापडला. मी झोपेत तो काढून ठेवत होते. हे बहुतेकांना होतं, आणि जातं. सकाळी गार्ड काढल्यावर थोडा वेळ दात नेहमीसारखे मिटत नाहीत, चहा होईपर्यंत ठिकाणावर येतात. तसे आले नाहीत, दुपारपर्यंत वेगळं वाटत राहिलं, तर मात्र लगेच दाखवायला यायचं, अशी ताकीद होती. पुन्हा एकदा कागद लावून गार्ड घासावा लागला, कारण स्नायू सैल पडले की जबडा मिटण्याची जागा किंचित बदलते. आधी बरोबर बसलेला गार्ड मग उंच लागायला लागतो.

निगा फार नाही, पण मोडून चालत नाही. सकाळी साध्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासायचा. टूथपेस्ट नको, तिने ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. गरम पाणी तर नकोच, आकार बिघडतो. नाशिकच्या मे महिन्यात बंद गाडीत विसरला तरी तेच. भोकं असलेल्या डबीत ठेवायचा. अधूनमधून कवळी स्वच्छ करण्याच्या गोळीत बुडवते. आणि रात्री दात घासूनच गार्ड घालायचा. दातांत शेंगदाण्याचा कूट तसाच ठेवून वर झाकण घातलं तर कीड लागायला रात्रभर मोकळं रान मिळतं.

पैशांचं सांगते, कारण कुणी सांगत नाही. गार्डला साडेसहा हजार, टोपीला त्याहून जास्त. मेडिक्लेममध्ये सहसा अपघात सोडून दातांचं काम धरत नाहीत, माझंही धरलं नाही.

काही महिन्यांनी दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी गार्ड दिव्याशी धरला. चकचकीत अ‍ॅक्रिलिकवर उजवीकडे धूसर, खरवडल्यासारखे पट्टे, सुळ्यापाशी एक तिरकी खाच. म्हणजे मी दात खाणं थांबवलेलं नाही. त्यांनी सुरुवातीला हेच सांगितलं होतं: गार्ड सवय मोडत नाही, झीज स्वतःवर घेतो. मी नंतर वाचलेल्या २००७ च्या कॉक्रन आढाव्याचा, म्हणजे झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालाचा, निष्कर्षही याच दिशेचा होता. गार्डने झोपेतलं दात खाणं कमी होतं असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, झीज रोखण्यापुरता त्याचा फायदा असू शकतो. कानशिलांचं सकाळचं जडपण मात्र माझं बरंच कमी झालं. ते गार्डमुळे, की संध्याकाळनंतरचा चहा बंद केल्यामुळे, की दिवसाच्या उपायामुळे, हे मी वेगळं काढू शकत नाही.

दिवसाचा उपाय फुकट आहे. एक टिकली कॉम्प्युटरच्या स्क्रीनच्या कोपऱ्यावर, एक कॅल्क्युलेटरवर, एक स्कूटरच्या आरशावर. टिकली दिसली की पाहायचं: दात एकमेकांना लागलेत का? लागले असतील तर मनात “न” म्हणायचं आणि जीभ तिथेच ठेवायची. दात सुटतात, ओठ मिटलेले राहतात. मला धक्का बसला तो इथे. रात्रीचं सोडाच, ताळेबंद जुळत नसताना मी दिवसाढवळ्या तासन्‌तास दात आवळून बसत होते. लेखापरीक्षण ३१ जुलैच्या आत पुरं करायचं असतं, त्यामुळे जून-जुलैत टिकलीकडे नजर गेली की दात लागलेलेच सापडतात. एका संस्थेच्या मॅनेजरने स्क्रीनवरची टिकली पाहून विचारलं, “मॅडम, कॉम्प्युटरची पूजा केली का?” मी त्यालाही दात सुटे ठेवायला सांगितलं. त्याची थकबाकी पाहता त्याला माझ्यापेक्षा जास्त गरज होती.

गार्ड अजून तोच आहे. उजवीकडचे पट्टे खोल झालेत, पण आरपार गेलेले नाहीत. डॉक्टरांच्या मते अजून वर्षभर चालेल. मग त्यावर अ‍ॅक्रिलिकचा थर चढवून भागतं की नवा करावा लागतो ते दिवाळीआधीच्या तपासणीत कळेल. प्लास्टरचे जबडे त्यांनी नाव लिहून कपाटात ठेवलेत, पण नव्या गार्डसाठी माप नव्याने द्यावं लागणार. पाय वर धरायची माझी तयारी आहे.